फ्यूज उडवणारी आत्या

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते रोग सांगत नाही, थेट निदान सांगतं. "बॅटरी गेलीय, नवी टाका." "अल्टरनेटर बसलाय." "सेन्सर आहे हो, मी व्हिडिओ बघितलाय." आपण फक्त हात चालवायचे. हडपसरच्या एका गल्लीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता शटर पुतण्या उघडतो आणि मी सकाळी पेपर वाचायला तिथे जाऊन बसतो. इतक्या वर्षांत मी गाडी बंद पडण्याची सगळी कारणं ऐकली. शनी, नजर, आधीच्या मालकाचा तळतळाट, मेहुण्याचा हात. पण "बिघाड माझ्यात आहे, गाडी सोडा आणि मला तपासा," असं सांगणारं गिऱ्हाईक एकदाच आलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा मला पहिल्यांदा त्याच आठवल्या.

त्याआधी, ज्यांनी बॉनेट फक्त पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

वीज बॅटरीतून निघते, वायरीतून दिव्यापर्यंत किंवा पंपापर्यंत जाते, तिथलं काम करते आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे येते. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे तिचा परतीचा रस्ता. आता वायरीवरचं प्लास्टिक कुठे सोललं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं, तर वीज काम न करताच मधूनच घरी पळते. शाळेच्या वाटेवरूनच माघारी वळलेल्या पोरासारखी. याला म्हणायचं शॉर्ट. अशी मोकाट वीज एवढ्या जोरात धावते की वायर तापून पेटायची. म्हणून वाटेत फ्यूज बसवलेला असतो. नखाएवढा रंगीत प्लास्टिकचा तुकडा, आत पातळ पट्टी. काही गडबड झाली की सगळ्यात आधी ती वितळते आणि रस्ता बंद करते. म्हणजे फ्यूज उडाला याचा अर्थ गाडी वाचली.

पण लोकांना फ्यूजच गुन्हेगार वाटतो. एका गृहस्थांनी सारखा उडणाऱ्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळली. फ्यूज पुन्हा कधी उडाला नाही. डॅशबोर्ड उडाला. दुसरं एक कुटुंब महाबळेश्वरहून आलं, मोबाइल चार्ज करायचा फ्यूज घातला की जातो म्हणून. मी डॅशबोर्डखाली आडवा होऊन सगळ्या वायरी चाचपल्या. घामाघूम झालो. आमच्या सौभाग्यवती, भारती, दुकानात बसून बल्ब-फ्यूज विकत. त्या आल्या, चार्जरच्या खोबणीत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "अहो, यात केसांची पिन आहे." पिन काढली, काम संपलं. ते लोक जाताना मला नाही, भारतीला नमस्कार करून गेले. योग्यच होतं.

तर कुमुदताई.

ऐन लग्नसराईतली दुपार होती. दुकानापुढे रिक्षा थांबली आणि एक ठेंगण्या बाई उतरल्या. सुती साडी, छत्री, कापडी पिशवी, आणि गुडघ्यांवर हात ठेवून एकेक पाय खाली टेकवण्याची पद्धत. पायरी चढून आल्या आणि म्हणाल्या, "साळुंके तुम्हीच?"

"हो. बोला आजी."

"आजी नका म्हणू. माझे केस पांढरे आहेत आणि तुमचे गेलेत, एवढाच फरक आहे आपल्यात."

भारती काउंटरमागे हसली. मी स्टूल पुढे केलं. "बरं, ताई. गाडी कुठाय?"

"गाडी नाही आणली. बिघाड आणलाय." स्टुलावर त्या ताठ बसल्या. "मी गाडीत बसले की फ्यूज उडतो. मी उतरले की गाडी चालते. तेव्हा गाडी तपासण्यात अर्थ नाही. मला तपासा."

मी मोठ्याने हसलो. भारतीही हसली. त्या हसल्या नाहीत, तेव्हा आम्ही दोघं हळूहळू थांबलो.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत यजमान गेले. मूलबाळ नाही. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत एकट्या राहत. लोणी काळभोरहून भावाचा मुलगा, मिलिंद, शिकायला त्यांच्याकडे आला तो नोकरी लागेपर्यंत राहिला. आता तो बायको-मुलीसह हडपसरला होता. बायको सीमा घरून पुरणपोळीच्या ऑर्डरी घेई आणि मोठ्या डब्यांतून गाडीनेच पोचवी. त्यांची मुलगी ऋजुता, तिचं लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

मिलिंदचं नाव ऐकताच मी ओळखलं. करड्या रंगाची सात सीटांची व्हॅन. माझ्याकडे ती येऊन गेली होती. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उडायचा. हा पंप मागच्या बाजूला, टाकीत असतो. त्याची वीज गेली की इंजिनला पेट्रोल मिळत नाही आणि गाडी चालत्या रस्त्यात मान टाकते. मी फ्यूज बॉक्स साफ केला होता, पंप किती वीज खातो ते मोजलं होतं, पुढच्या सगळ्या वायरी तपासल्या होत्या. सगळं ठीक. चालवून बघितली. ठीक. पाठवून दिली. पुन्हा आली. पुन्हा ठीक. आमच्या धंद्यात याहून वाईट शब्द नाही. कायम बिघडलेली गाडी परवडते; जी फक्त आपल्यासमोर शहाण्यासारखी वागते ती नको.

"पहिल्यांदा साड्या घ्यायला निघालो तेव्हा बंद पडली," कुमुदताई म्हणाल्या. "मिलिंदने फ्यूज बदलला. पुढच्या चौकात पुन्हा. मी म्हटलं, मी रिक्षाने येते, तुम्ही बघा काय ते. मी उतरले आणि गाडी सरळ लक्ष्मी रोडला गेली. नंतर मुलाकडे बोलणी करायला निघालो, तेव्हा तसंच. मग साखरपुडा. आम्ही उशिरा पोचलो. मी सगळ्यात उशिरा."

"योगायोग असेल, ताई."

"टेलिफोनमध्ये आयुष्य काढलंय मी. एकदा झालं तर योगायोग. रोज तीच लाइन तुटली तर लाइनमन पाठवतात."

त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "आधी थट्टा चालायची. आत्या म्हणजे आमची मेन स्विच, वगैरे. मीही हसायचे. थट्टा होती तोवर ठीक होतं. मग थट्टा थांबली. काल सीमाचा फोन आला. म्हणाली, आत्या, लग्नाच्या दिवशी तुमच्यासाठी वेगळी कॅब सांगू का? एसीची." त्यांनी मान वर केली. "एसीची म्हणाली, त्यावरूनच मला कळलं."

भारतीने पाण्याचा ग्लास आणून दिला. कुमुदताईंनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"सीमा वाईट नाही. तिची आई तिच्या कानाशी असते. शुभकार्याच्या दिवशी नवरीची गाडी रस्त्यात उभी राहायला नको, एवढंच म्हणणं. मी विधवा बाई, साळुंके. इतक्या वर्षांत आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नव्हता. माणसांनी नाही काढला, आता गाडीने काढलाय." मग एकदम सूर बदलून म्हणाल्या, "माझा दोष असेल तर मी घरी बसेन. टीव्ही आहे, शेजार आहे. पण गाडीचा असेल तर तिने कबूल करावं. तुम्ही तिच्याकडून काढून घ्या."

मी सांगितलं, गाडी घेऊन या. आणि तुम्हीही गाडीत बसूनच या. नेहमी जशा बसता तशाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गलका झाला म्हणून बाहेर आलो, तर लोक करडी व्हॅन ढकलत आणत होते. मिलिंद दारातून एक हात स्टिअरिंगला लावून ढकलत होता, मागे कोपऱ्यावरचे रिक्षावाले. त्यांच्या मागे सीमा स्कूटरवर, अगदी हळू. आणि सगळ्यांच्या मागे छत्री उघडून कुमुदताई चालत येत होत्या.

"पुरावा आणलाय," त्या म्हणाल्या.

मिलिंद रुमालाने मान पुसत मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आता काय म्हणू सांगा. काल दिवसभर सीमा डबे घेऊन सगळीकडे फिरली, काही झालं नाही. आज आत्याला आणायला गेलो, ती बसली, आणि मगरपट्ट्याच्या आधीच गेला फ्यूज."

"नवीन फ्यूज घालू नका," मी म्हटलं. "आज फ्यूज नको, बल्ब."

शॉर्ट शोधायचा असेल तेव्हा फ्यूजवर फ्यूज जाळण्यात शहाणपण नाही. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडायचा. पंपाची पिन मागून सुटी करून ठेवायची. आता त्या वायरीवर वीज खाणारं कुणीच उरत नाही, म्हणून बल्ब विझलेलाच राहायला हवा. तो पेटला तर समजायचं, मधेच कुठेतरी गळती आहे. मी लांब वायरीला बल्ब लावला आणि समोरच्या आरशाला टांगला, सगळ्यांना दिसेल असा.

बल्ब विझलेला होता. मी पुढची वायरिंग हलवली. विझलेला. गाडी रस्त्यावर हादरते तशी हादरवायला हवी म्हणून मी पायरीवर उभा राहून गाडी झुलवली. माझं वजन पुरेना, तेव्हा भारती पलीकडच्या पायरीवर चढली. गल्लीतले लोक जमले. आम्ही नवरा-बायको भर सकाळी व्हॅनला झोके देतोय, हे दृश्य अजून काही जण मला आठवण करून देतात. बल्ब काही पेटला नाही.

"आता ताई, तुम्ही बसा," मी म्हटलं.

कुमुदताई चढल्या. मधल्या रांगेतली डावीकडची सीट. बसल्या, पाय सरळ करता येईनात म्हणून सीटखालची दांडी ओढून सीट मागे सरकवली, पदर नीट केला आणि पिशवी मांडीवर घेतली. फोटोला बसतात तशा बसल्या.

मी आणि भारतीने झोका दिला. बल्ब भक्कन पेटला.

रिक्षावाल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "आयला, खरंच की." सीमाने स्कूटरवरून उतरता उतरता तोंडावर हात ठेवला. मिलिंद माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी बोलावं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. विजेला माणूस कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं, पण बल्ब तर समोर लुकलुकत होता.

कुमुदताई बल्बकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग आपणहून दार सरकवलं आणि म्हणाल्या, "झालं. उतरते मी." मिलिंदने हात दिला. त्या सावकाश उतरल्या आणि दुकानाच्या पायरीपाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

सीमा पुढे आली. गाडीत वाकली आणि तिचा हात सवयीने सीटखालच्या दांडीकडे गेला.

"थांबा!" मी ओरडलो. "हात नका लावू. काय करताय तुम्ही?"

ती दचकली. "काही नाही. सीट पुढे घेतेय. मागे डबे राहतात ना माझे. आत्या उतरल्या की मी पुढे घेते. आज रस्त्यातही घेतली होती."

"दर वेळी?"

"हो. नाहीतर डबे मावत नाहीत."

मी गाडीपासून दोन पावलं मागे झालो. दोनदा ही गाडी माझ्याकडे आली होती, आणि दोन्ही वेळा ती सीट पुढेच होती. "कुणी आत जाऊ नका," मी म्हटलं. "सीट आहे तशी राहू दे. भारती, चढ."

आम्ही पुन्हा झोका दिला. गाडीत कुणी नव्हतं. बल्ब पेटला.

थांबलो. मी पुन्हा पाय आपटला. पुन्हा पेटला. रिकामी सीट, आणि समोर बल्ब दिवाळीतल्यासारखा उघडझाप करतोय.

"आत्या!" मिलिंद ओरडला. "आत्या, इकडे बघ! तू बाहेर आहेस!"

कुमुदताई वळल्या. बल्बकडे बघितलं, रिकाम्या सीटकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांखालच्या पायरीकडे बघितलं, आपण नक्की बाहेरच आहोत ना याची खात्री करावी तसं. छत्री त्यांनी भारतीच्या हातात दिली, जवळ आल्या आणि मला म्हणाल्या, "परत करा."

मी परत केलं. बल्ब पेटला.

"अजून एकदा."

पेटला. त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, आणि तसंच लावून ठेवून म्हणाल्या, "बास आता. बल्ब जाईल."

मग पुढचं काम सोपं होतं. सीटचे स्क्रू काढले, खालचा कार्पेट उचलला. पंपाची वायर दाराच्या कडेने मागे टाकीकडे जाते. कंपनीने तिला एका चिमट्यात अडकवून बाजूला ठेवलेलं असतं. पण मिलिंदने मध्यंतरी कुठूनतरी नवी मॅट बसवून घेतली होती. बसवणाऱ्याने कार्पेट काढला आणि परत घालताना वायर चिमट्यात न घालता तशीच सोडून दिली. ती सरकून सीटच्या पट्टीखाली आली. सीट पुढे असली की पट्टीचं मागचं टोक वायरीपासून दूर. सीट पूर्ण मागे घेतली की ते टोक बरोबर वायरीवर, आणि गाडी हादरली की तांबं पत्र्याला. सीट पूर्ण मागे घेणारं त्या घरात एकच माणूस होतं, कारण गुडघे एकाच माणसाचे दुखत होते. कुमुदताई उतरल्या की डब्यांसाठी सीट पुढे जायची, आणि मग गाडी दिवसभर साळसूद.

मी वायर वर उचलून दाखवली. प्लास्टिक चेपून सोललेलं, आत तांबं चकाकतंय, शेजारी पत्र्यावर काळा ठिपका. कुमुदताईंनी चष्मा लावून बघितलं. "एवढीशी?" म्हणाल्या. "हिच्यासाठी मी घरी बसणार होते?"

तुकडा कापून मी नवी वायर डाख लावून जोडली, वरून जाड नळी चढवली, चिमट्यात बसवली, पट्टीच्या टोकाची धार कानशीने घासून टाकली. बल्ब काढून फ्यूज घातला. सीट मागे घेतली, आणि गल्लीतल्या सगळ्यात वजनदार माणसाला, म्हणजे समोरच्या पंक्चरवाल्या शिंद्यांना, आत बसवून सगळ्या रिक्षावाल्यांकडून गाडी झुलवून घेतली. इंजिन चालूच राहिलं.

आता सीमा कुमुदताईंपाशी आली आणि म्हणाली, "आत्या, कॅबचं राहू दे."

"रद्द करते म्हण," कुमुदताई म्हणाल्या. "राहू दे म्हटलं की राहते."

"रद्द करते." ती तिथेच फोन काढून बटणं दाबू लागली. घाईत चुकीचं काहीतरी दाबलं जात होतं. कुमुदताईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "दे. नंबर लावण्यात हयात गेलीय माझी." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यापुढे त्यांचं आपसांत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. मी कार्पेट बसवत होतो. भारतीला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही.

त्या दिवसापासून मी माझा पहिला प्रश्न बदलला. आधी विचारायचो, काय झालंय? आता विचारू लागलो, कोण कुठे बसतं? लोकांना वाटायचं म्हातारा भोचक झालाय. पुतण्याकडे आता स्कॅनर आहे. गाडीला जोडला की पडद्यावर चुका वाचून दाखवतो. चांगलं यंत्र आहे, मला आवडतं. पण कुणाच्या गुडघ्यांबद्दल ते विचारत नाही, आणि पुतण्याही अजून विचारायला शिकलेला नाही, याची मात्र जराशी रुखरुख आहे.

लग्नाचं आमंत्रण आम्हाला होतंच. आदल्या दिवशी मिलिंदचा फोन आला. "काका, तुम्ही आणि काकू आमच्याच गाडीतून चला. म्हणजे मला धीर."

फोनवर मागून कुमुदताईंचा आवाज आला, "लग्नाला जाताना कुणी डॉक्टर बरोबर नेतं का रे?"

तरी आम्ही गेलो. कार्यालय लोणी काळभोरच्या बाजूला, सोलापूर रस्त्याला लागून होतं. ऋजुता मेंदी लावलेले हात पुढे धरून मधल्या सीटवर, शेजारी मोरपंखी साडीत कुमुदताई, सीट पूर्ण मागे. मागच्या रांगेत मी आणि भारती. खिशात मी गुपचूप फ्यूज ठेवले होते. भारतीने ते पाहिलं आणि कोपराने ढोसलं. प्रत्येक गतिरोधकाला मिलिंद गाडी इतकी हळू घेई की मागून हॉर्न वाजत.

"मिलिंद," कुमुदताई म्हणाल्या, "श्वास घे."

व्यवस्थित पोचलो. चहा झाला, सनई लागली, गुरुजी घड्याळाकडे बघू लागले. नवरदेवाचा पत्ता नव्हता. मग फोन आला. नवरदेवाची सजवलेली गाडी कार्यालयाच्या थोडं अलीकडे हायवेला बंद पडली होती. मांडवात कुजबूज सुरू झाली.

कुमुदताई खुर्चीतून उठल्या. "चला साळुंके. मिलिंद, चावी घे."

"आत्या, तू कशाला? आम्ही जातो."

"मी कशाला म्हणजे? माझी गाडी आहे ती."

आम्ही गेलो. नवरदेव अमेय, त्याची आई आणि ड्रायव्हर फुलांनी मढवलेल्या गाडीपाशी उन्हात उभे होते. मी बॉनेट उघडलं. सजावटवाल्याने लुकलुकणारे रंगीत दिवे लावायला हाताला लागली त्या वायरीतून वीज घेतली होती, आणि ती जोडणी बॉनेटच्या बिजागरीत चिरडून वितळली होती. दुरुस्त होणार होती, पण घाईत करण्यासारखं काम ते नव्हतं. "ही मी जेवणानंतर बघतो," मी म्हटलं. "तुम्ही आमच्या गाडीत बसा."

अमेय फेटा सांभाळत माझ्याशेजारी मागे चढला. विहीणबाई मधे कुमुदताईंच्या शेजारी बसल्या. बसताना जरा थबकल्या. साखरपुड्याला उशीर का झाला होता, ते त्यांच्याही कानावर गेलं असणार. कुमुदताईंना ते समजलं. "बसा निवांत," त्या म्हणाल्या. "हिचं ऑपरेशन झालंय. आता ठणठणीत आहे." विहीणबाईंना आधी कळेना हसावं की नाही, मग हसल्या, आणि कार्यालय येईपर्यंत दोघी साड्यांबद्दल बोलत होत्या.

दारात सीमा औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. शेजारी तिची आई, मागे सगळं गोत. अमेय उतरून पाटावर उभा राहिला. सीमाने निरांजन लावलं, कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला आणि थांबली. मिलिंद कुमुदताईंना हात देऊन गाडीतून उतरवत होता. त्या नेहमीप्रमाणे बाजूला, खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्या," सीमा म्हणाली, "इकडे या. तुम्ही ओवाळा."

तिच्या आईने तिच्याकडे बघितलं. सीमाने आईकडे बघितलं नाही.

"मी?" कुमुदताई म्हणाल्या.

"हो. चला लवकर, मुहूर्ताला उशीर होतोय."

कुमुदताईंनी एकदा मिलिंदकडे बघितलं. तो दुसरीकडेच बघत होता, डोळ्यात काहीतरी गेल्यासारखा. मग त्या पुढे आल्या, ताट घेतलं. हायवेवरून वारा येत होता, ज्योत आडवी झाली, तेव्हा भारतीने पुढे होऊन पदराचा आडोसा धरला. कुमुदताईंनी अमेयच्या कपाळी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सावकाश ओवाळलं. मग त्याने वाकून नमस्कार केला. कुमुदताईंनी त्याच्या फेट्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आत पळ आता. आशीर्वाद नंतरही देता येतो."

मंगलाष्टका झाल्या, पंगती झाल्या. नवरदेवाची गाडी मी सांगितल्याप्रमाणे दुरुस्त केली आणि तो तिच्यातूनच नवरीला घेऊन गेला. पाठवणीला सगळे रडले. कुमुदताई सगळ्यांना रुमाल वाटत होत्या.

उन्हं कलली तेव्हा आम्ही परत निघालो. सीमा पुढे, कुमुदताई आपल्या सीटवर. हडपसर मागे पडेपर्यंत त्या कोण काय म्हणालं ते सांगत होत्या, मग बोलणं विरळ झालं आणि मान खिडकीकडे कलली. मिलिंदने रेडिओ बंद केला. कसबा पेठेत त्यांच्या बोळात मोठी गाडी जात नाही, म्हणून त्याने बोळाच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि हळूच इंजिन बंद केलं. आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. त्यांना उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.

"का रे थांबवलीस?" डोळे न उघडता कुमुदताई म्हणाल्या. "चांगली चालली होती की."